कार्व्हिलचे पाच प्रश्न

कार्व्हिलच्या आईस हॉकी संघात दहाच पोरं उरली होती. लीगचा नियम असा, की दहातलं एक जरी कमी झालं तर सामना समोरच्याचा. मोसमात दोनदा असं झालं की संघच बाद. डिसेंबरात फ्लूने एक सामना आधीच गिळला होता. संघ गेला की पोरं शेजारच्या ब्रूकसाइडकडून खेळणार, मग गावातली बर्फाच्या मैदानाची रिंक कोणासाठी उघडी ठेवायची? गावातली शाळा गेली होती, पोस्टही गेलं होतं. म्हातारी माणसं म्हणायची, रिंकला लावाल ते कुलूप गावालाच लावून टाका.

संघाचे कोच मर्व्ह. या रिंकवर पाणी सोडून बर्फ गोठवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. त्यांची मुलगी कोरिन संघाचं प्रथमोपचाराचं काम बघायची, आणि कोरिनचा अकरा वर्षांचा अ‍ॅन्सल गोलकीपर. सगळा कारभार एकाच घरात. पण दुसरं होतं कोण करायला?

गुरुवारी सरावात अ‍ॅन्सलचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. शुक्रवारी त्याला स्वयंपाकघरातला दिवा सहन होईना, आवडीचे पॅनकेकही त्याने तसेच ठेवले. कोरिनने ते पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. आपल्या बापाला तर नाहीच नाही.

डोक्याला मार लागलेल्या पोराला विचारायचे पाच प्रश्न लीगमध्ये ठरलेले होते. वर्षानुवर्षं तेच. त्यामुळे सामन्याला जाताना गाडीत पोरांकडून उत्तरं घोकून घ्यायची, ही कार्व्हिलच्या आयांची जुनी खोड. हसतखेळत, पाढे म्हणून घ्यावेत तशी. त्या शनिवारी मात्र कोरिन हसत नव्हती.

"कुठल्या रिंकवर आहोत?"

"कार्व्हिल."

"आज कोणाशी?"

"ब्रूकसाइडशी."

"मागचा सामना?"

"टॅनरशी. हरलो. आज शनिवार. आई, पुरे ना आता, डोकं ठणकतंय."

"खेळायला लागलास की थांबेल," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

दुसऱ्या सत्रात ब्रूकसाइडचा एक थोराड पोरगा घसरत आला आणि अ‍ॅन्सलला घेऊनच जाळ्यात कोसळला. अ‍ॅन्सल उठला नाही. कोरिन साध्या बुटांनीच बर्फावर धावली. मागोमाग मर्व्ह आले, भिंतीच्या आधाराने. अ‍ॅन्सलचा श्वास नीट चालला होता, पण डोळे मिटलेले होते.

"अ‍ॅन्सल, ऐकू येतंय? कुठल्या रिंकवर आहोत आपण?"

"कार्व्हिल," तो म्हणाला. आणि ती पुढचं विचारायच्या आतच, "ब्रूकसाइडशी. टॅनरशी. हरलो. शनिवार."

सगळं बरोबर, सगळं क्रमाने, आणि थेट तिच्याच सुरात. चार प्रश्न अजून तिच्या तोंडातच होते.

"आली ना उत्तरं?" मर्व्ह म्हणाले. "उठव त्याला, पोरी. लोक बघतायत."

"आली बाबा. सकाळी मीच पाठ करून घेतली होती."

मर्व्ह तिच्याजवळ वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "का गं?"

"गुरुवारी त्याचं डोकं आपटलंय. मी लपवलं तुमच्यापासून."

म्हाताऱ्याने एकदा बाकावरच्या पोरांकडे पाहिलं, एकदा छताकडे. "हा बाहेर गेला की नऊ राहतात, कोरिन."

"मला मोजता येतं बाबा."

तिने पंचाला हात केला. सामना संपला. वरच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "चला, आता रिंकमध्ये गुरं बांधू." कोणी हसलं नाही. नऊ पोरांनी रिवाजाप्रमाणे रांगेत जाऊन ब्रूकसाइडच्या पोरांशी हात मिळवले. पुढच्या वर्षी ज्यांच्याकडून खेळायचं त्यांच्याशीच.

शहरातल्या इस्पितळाकडे कोरिन गाडी हाकत होती. मर्व्ह मागे, नातवाचं डोकं मांडीवर घेऊन. निघाल्यापासून त्यांनी लेकीशी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तिलाही काही ऐकून घ्यायची छाती नव्हती.

"आजोबा, जिंकलो आपण?" अ‍ॅन्सलने विचारलं.

"नाही रे. हरलो."

गाडी धान्याच्या कोठारापाशी आली तेव्हा त्याने पुन्हा विचारलं, जणू पहिल्यांदाच. "आजोबा, जिंकलो आपण?"

आरशात कोरिनला बापाचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, भीती होती. तशी भीती तिने आपल्या आईच्या आजारपणातच काय ती पाहिली होती.

"हळू चालवू नकोस, पोरी," मर्व्ह म्हणाले. मग नातवाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "जिंकलो हो बाळा. झोपू नकोस. आणखी विचार मला काहीतरी."