वेंडेलचा झेल

मी चेंडू बोलतेय. हसताय काय? या वयात बाई काय नि बुवा काय, हवा दोघांचीही जातेच.

माझा जन्म इथलाच, ओहायोतला. अमेरिकन फुटबॉलच्या खेळातली, गाईच्या कातड्याची मी. दोन्हीकडून निमुळती, मधे पोट सुटलेलं. आधी मला उलटं शिवलं, मग वाफ देऊन सुलटं केलं. तेव्हापासून डोकं जरा फिरलेलंच आहे.

लोरेननं मला घरी आणलं. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला सकाळी टर्की ओव्हनमध्ये गेली की अंगणात सामना. एकीकडे तिचा नवरा वेंडेल, दुसरीकडे तिचा धाकटा भाऊ ड्वेन, नि जेवायला आलेली मंडळी दोघांत वाटलेली. झाडांना पाणी घालायचा पाईप आडवा टाकला की झाली सीमारेषा. हरेल त्यानं भांडी घासायची.

पण खेळ थोडा नि वाद फार. दोन्ही पाय पाईपच्या आत पडायला हवेत, मला घट्ट धरलेलं हवं, नि माणूस जमिनीवर आपटला तरी मी निसटायला नको. तर झेल पुरा. सोपं वाटतं ना? मग गवतावर पालथे पडून पाईप न्याहाळणारे हे दोन घोडे बघा!

"दाजी, जमिनीला लागल्यावर हलला!"

"साल्या, हलला तो तुझा मेंदू!"

तिकडे टर्की करपते, लोरेन उलथनं घेऊन धावत येते. ऐकून ऐकून माझी शिवण उसवली. मला ठाऊक असतं हो सगळं, पण मला विचारतो कोण?

यंदा वेंडेलला कंपवात झालाय. शर्टाची बटणं लोरेन लावते. तरी हट्टानं उतरला. शेवटच्या फेकीला मी उडाले, नि हा गडी पडत पडत झेपावला. पाय आत. मला छातीशी धरलं. कोपर आपटलं नि मी एवढीशी हलले.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. "झाला झेल! वा, वेंडेल, वा!" लेकरानं पहिलं पाऊल टाकल्यावर पिटतात ना, तशा. वेंडेल गवतातच बसून राहिला. तोंड उतरलं त्याचं. पाईप बघायला कुणी वाकलंसुद्धा नव्हतं.

ड्वेनचे डोळे भरलेले मी पाहिले. मग बाहीला नाक पुसून तो ओरडला, "कसला झेल? सुटला होता, दाजी! भांडी तुमची!"

"ड्वेन, अरे आज तरी..." लोरेन कळवळली.

"तू थांब गं!" वेंडेल गरजला. "चष्मा बदल, साल्या! ये इकडे, दाखवतो!" नि दोघं रांगत पाईपपाशी.

आता जेवायला बसलेत, तरी चालूच आहे. वेंडेलच्या काट्यावरून वाटाणे सांडताहेत, पण त्याला शुद्ध कुठाय? ड्वेनला मी कशी हातात होते ते उकडलेला बटाटा धरून दाखवतोय.

मी इथे खिडकीखाली पडलेय. दमले बाई. दाबलं की पोट आत जातं, बाहेर येत नाही. पुढल्या वर्षी खुशाल नवा चेंडू आणा. पण बाबांनो, वेंडेलला फुकटचा झेल देऊ नका. भांडा त्याच्याशी.