ठकीबाई सांगते तसं

बोईसरच्या त्या सोसायटीत चार इमारती होत्या आणि कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदाच यायची. फाटकाशी ढीग साचे, कुत्री पिशव्या फाडत. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रियदर्शिनीने पुढाकार घेतला. सांगलीहून आलेली, नवरा कारखान्यात. दार न् दार वाजवून तिने ओला-सुका कचरा वेगळा करायला लावला, आणि मागच्या मोकळ्या जागेत खतासाठी विटांचे दोन हौद बांधून घेतले.

महिन्याभरात हौदांना असा वास सुटला की लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. आत अळ्यांचा नुसता बुजबुजाट.

"वहिनी, पुरे झालं," सोसायटीचे अध्यक्ष भगवंतराव म्हणाले. "रविवारी हौद पाडू."

प्रियदर्शिनी हौदापाशी डोळे पुसत उभी होती. जिने आणि आवार झाडणारी ठकी तिथे आली. ती मनोरकडच्या पाड्यावरून रोज कामाला यायची. सहा वर्षांत तिला इथे कुणी काही विचारलं नव्हतं.

"ताई, यात नुसतं वलंच हाय. मासळीची घाण तर वरच पडलीय. वास येनारच."

"मग काय करायचं?"

"मी पाला झाडते, तो तुमी जाळता. जाळू नका, मला द्या."

दोघींनी हौद उपसले. ठकीने हवा खेळावी म्हणून खालच्या काही विटा काढायला लावल्या. तळाला सुका पाला, वर ओला कचरा, पुन्हा पाला. सातपाटीच्या मासळीची खवलं, डोकी पार मधे पुरली. रोज काठीने वरखाली करायचं काम तिने स्वतःकडे घेतलं.

रविवारी भगवंतराव पहार घेऊन आले. वाकले, हुंगले, पुन्हा हुंगले.

"महिनाभर थांबू," एवढंच म्हणाले आणि पहार घेऊन परत गेले.

पावसाळ्यात हौदांवर ताडपत्री पडली. गणपतीच्या सुमारास खालून काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. कागद, प्लास्टिक, बाटल्या आता भंगारवाला नेत होता. एका सकाळी गाडीवाल्याला फाटकात दोनच पिशव्या दिसल्या. तो चक्रावला. "क्या, सब लोग गाँव गये क्या?"

बातमी पसरली. दिवाळीआधी आजूबाजूच्या सोसायट्यांतून पन्नासेक माणसं बघायला आली. सगळे भगवंतरावांना प्रश्न विचारू लागले, तेव्हा ते बाजूला झाले आणि त्यांनी ठकीला पुढे बोलावलं. "मला काय कळतंय? ठकीबाईंना विचारा. त्या सांगतात तसं आम्ही करतो."

ठकीने पदर खोचला. पाला किती, पाणी किती, अळ्या झाल्या तर काय, ती सांगत गेली. पुढे उभे असलेले एक साहेब भराभर वहीत उतरवून घेत होते.

"साहेब, लिवून नाय कळनार," ठकी म्हणाली. "हात घाला."

सगळे हसले. साहेबांनी वही खिशात कोंबली, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात खतात घातला. त्यांच्यामागे रांग लागली. प्रियदर्शिनीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि चारही इमारतींच्या गॅलऱ्यांतून लोकही टाळ्या वाजवू लागले.