रबरी रिंगेवरचा केस

मी एक जुना समुद्री ग्लायडर आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असले तरी मी म्हणजे माणसाएवढी पिवळी नळी, दोन आखूड पंख आणि एक शेपटी. मला इंजिन नाही. पोटातले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले की मी वर येतो, आत ओढले की बुडतो. अशा बुड्या मारत मी नऊ वर्षे एकट्याने समुद्र पालथा घातला. वर आलो की शेपटी हवेत धरून खोल पाण्याची खबर किनाऱ्यावर कळवायची, हे माझे काम. तेव्हा माझे फार कौतुक होई.

माझी नळी दोन तुकड्यांची आहे. सांध्यातून पाणी आत येऊ नये म्हणून तिथे एक रबरी रिंग बसते; तिच्यावर बारीकसा कण राहिला तरी पाणी झिरपते. कार्यशाळेतले मिस्त्रीकाका ती बसवण्याआधी डोळे मिटून तिच्यावरून उजवी तर्जनी सावकाश फिरवत. काकांना डुलकी लागली, असे म्हणून बाकीचे हसत. काका म्हणत, "डोळ्याला चुकतं ते बोटाला सापडतं."

दहाव्या वर्षी वादळाचा इशारा आला आणि मला समुद्रात नेणारे जहाज तीन तास आधीच सुटायचे ठरले. सगळ्यांची तारांबळ उडाली. काकांनी त्या दिवशी रिंग नुसती पाहिली आणि मला बंद केले.

अकराव्या दिवशी, सहाशे मीटर खोल, माझ्या पोटात पाणी झिरपू लागले. मी फार घाबरलो. संकटासाठी बांधलेले वजन सोडून कसाबसा वर आलो आणि हाका मारत राहिलो.

काकांना घेऊन जहाज तीन दिवसांनी पोहोचले. भिजलेली बॅटरी फुटू शकते, म्हणून मला तिथेच सोडून द्यावे, असे कप्तानाचे मत पडले. इंजिनियर बाईंनीही काकांना परोपरीने समजावले. काका एवढेच म्हणाले, "बंद मी केलंय. आणायला मीच जाणार."

छोटी होडी माझ्याजवळ आली. काकांनी वाकून माझ्या शेपटीत दोराचा फास घातला. तेवढ्यात लाट आली, मी उसळलो आणि होडीच्या काठावर आदळलो. मध्ये त्यांचा उजवा हात होता. मित्रांनो, पन्नास किलोच्या मला थांबता आले नाही. काकांनी डाव्या हाताने दोर धरून ठेवला.

बॅटरी फुटली नाही. काकांची दोन बोटे मात्र कापावी लागली. त्यांत ती तर्जनी होती.

कार्यशाळेत मला उघडले तेव्हा रिंगेवर एक केस चिकटलेला होता, पांढरा. तिथे पांढरे केस एकाच माणसाचे. बाईंनी तो गुपचूप कागदात गुंडाळला. दारात हाताला पट्टी बांधून काका उभे होते.

"माझाच आहे. अहवालात लिहा, बाई," ते म्हणाले.

माझी दुरुस्ती झाली. नवी रिंग आली, तेव्हा काका एकदा येऊन गेले. डोळे मिटून त्यांनी तिच्यावरून डावे बोट फिरवले. मग पुन्हा फिरवले.

"या हाताला काही कळत नाही," असे म्हणून त्यांनी रिंग टेबलावर ठेवली. त्यानंतर ते आले नाहीत.

परवा मला पुन्हा समुद्रात सोडणार आहेत. नवा मिस्त्री हुशार आहे. त्याने भिंगातून, टॉर्च मारून रिंग पाहिली आणि मला बंद केले. बोट काही त्याने फिरवले नाही. मला भीती वाटते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारख्याला बंद करायला बसले, तर जहाजाचा भोंगा वाजू दे, कप्तान ओरडू दे. तुम्ही डोळे मिटा आणि एकदा बोट फिरवा. बोट शाबूत आहे तोवर फिरवा.