न पुसणाऱ्या शाईतली ओळख

“तो फळा काढ बाबा एकदाचा! तिथे दोरी बांधते, निदान साड्या तरी वाळतील.”

मित्रांनो, ही कुरकुर माझ्याबद्दल होती. मी एक जुना पांढरा फळा आहे. बंगळुरूत, मल्लेश्वरमच्या एका घरात, माडीवरच्या खोलीत टांगलेला. कुरकुरणाऱ्या बाई म्हणजे जलजाम्मा. माझ्याखाली बसून त्या भिजवलेल्या पावट्यांची सालं चिमटीनं काढत होत्या. एखादा दाणा निसटून माझ्यावर टपकन आपटे.

पत्र्यावर गुळगुळीत लेप चढवून मला घडवलं. पहिली नोकरी एका नव्या कंपनीत लागली. ती आठ महिन्यांत बुडाली. तिथलं सामान विकलं गेलं तेव्हा जलजाम्मांचा मुलगा शशिकिरण मला रिक्षात आडवं घालून घरी घेऊन आला. आल्या आल्या त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मी शशिकिरण. स्वतंत्र उद्योजक. शिंप्यांची मापं सांभाळणारं ॲप बनवतो.’

घाईत त्यानं न पुसणारा पेन उचलला होता. पांढऱ्या फळ्यावर लिहिणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते. उपाय सोपा आहे, फळ्याच्या साध्या, पुसल्या जाणाऱ्या पेनानं त्यावरच गिरवायचं आणि लगेच पुसायचं. त्याला तो ठाऊक होता. पण त्यानं केला नाही.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. माझ्या कोपऱ्यात ॲप वापरणाऱ्या शिंप्यांचा आकडा वाढत गेला, एकेचाळीसवर पोचला. जलजाम्मा शेजारणींना वर आणून मला दाखवत. पुढे आकडा उतरू लागला. शिंपी कमी झाले तसे शशिकिरणचे छंद वाढले. आधी मधमाश्या, मग शिलालेख, मग बंद पडलेली घड्याळं. सगळे माझ्यावर नोंदले गेले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी असेच एकट्यानं धंदा मांडलेले लोक कॉफीला जमत आणि प्रत्येकजण मिनिटभर आपली ओळख करून देई. त्याची तालीम माझ्यासमोर चाले. मिनिटातली पन्नास सेकंदं मधमाश्यांवर जात. ‘तुमचं ॲप किती जण वापरतात?’ असं तिथे कुणी कुणाला विचारत नसे. प्रत्येकाचंच काहीतरी झाकलेलं होतं.

दोन वर्षं माझ्या कोपऱ्यात एकच आकडा आहे, एक. ती एक म्हणजे मागच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या गिरिजाक्का.

तर त्या दिवशी साड्यांवरून बोलणं भलतीकडे वळलं. हैदराबादच्या एका कंपनीनं शशिकिरणला नोकरी देऊ केली होती. उत्तर द्यायचा तो शेवटचा दिवस होता.

“काय कळवलंस त्यांना?” जलजाम्मांनी पावट्यांतून मान वर न करता विचारलं.

“नाही म्हणून कळवलं. सकाळीच.”

“अरे देवा! का?”

“गिरिजाक्का आहेत ना, अम्मा. एक जरी माणूस माझ्या भरवशावर असेल, तर बंद कसं करू?”

जलजाम्मांचे हात थांबले.

“संस्थापक साहेब, तुमच्या माश्या जिन्यात राज्य करतायत हो!” म्हणत गिरिजाक्काच वर आल्या. हातात जलजाम्मांचं शिवलेलं पोलकं. पण शेवटचं वाक्य त्यांनी जिन्यातच ऐकलं असावं. त्या हसल्या नाहीत. पोलक्याची घडी उगाच पुन्हा घालत राहिल्या.

मित्रांनो, फळ्याला फार काही लागत नाही. फक्त वेळच्या वेळी पुसत जा. राहू दिलं, तर साधी शाईसुद्धा धरून बसते. मग कितीही घासा, खालचं दिसतच राहतं. मला हे सांगता आलं असतं तर सात वर्षांपूर्वी, या घरात आलो तेव्हाच सांगितलं असतं.

“त्यांना परत फोन कर, किरण,” गिरिजाक्का म्हणाल्या.

“जागा भरली, अक्का. दुपारीच. पण तुम्ही कशाला काळजी करता? तुमची मापं माझ्याकडे सुरक्षित आहेत.”

गिरिजाक्कांनी जलजाम्मांकडे पाहिलं. जलजाम्मांनी पावट्यांकडे.

“मापं माझ्या वहीत असतात रे,” गिरिजाक्का म्हणाल्या. “दोन वर्षं झाली. तुझं ते ॲप मी दर सोमवारी नुसतं उघडते आणि बंद करते. कुणी उघडलं की तुला तिकडे दिसतं ना, म्हणून. किरण, ते कुणीच वापरत नाही.”