मजुरीचा रकाना

"सर, ह्या सर्टिफिकेटानं आजवर कुणाला किती रुपये मिळाले?"

दीपमालेनं विचारलं आणि वडवणीच्या कॉलेजातला अख्खा हॉल तिच्याकडे वळला. मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी भेळीची पैज लावली होती. पैज तर जिंकली, पण आता खाली बसावं की उभंच राहावं हे तिला कळेना. उद्योजकता प्रमाणपत्राची माहिती द्यायला आलेल्या बद्रीनाथ सरांनी चष्मा काढून पुसला. मुदत सहा महिने, फी नऊ हजार, सातवी पास कुणालाही प्रवेश, हे त्यांनी घडाघडा सांगितलं होतं. ह्या प्रश्नाला मात्र छापील उत्तर नव्हतं. बाजारतळामागं कडूबाईंची मसाला संस्था आहे, त्यांनी हा कोर्स केलाय, त्यांनाच विचार, असं म्हणून त्यांनी पुढचा विषय काढला.

मैत्रिणी भेळीच्या गाड्याकडे वळल्या, दीपमाला बाजारतळाकडे. तिला ते नऊ हजार थट्टेचे नव्हतेच. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला होता आणि आज दुपारी मुकादम घरी येणार होता. ऊसतोडीला जायच्या आधी जोडीला जी आगाऊ उचल मिळते, तिच्यात पोरीच्या फीचे नऊ हजार जादा मागायचे, हे आईनं बाबांच्या गळी उतरवलं होतं.

कडूबाई मिरच्यांचे देठ खुडत होत्या. बोटं लालभडक.

"कागदाचा काय उपेग न्हाई बघ," त्या म्हणाल्या. "बँकेत दावला तर साहेब म्हनला, सातबारा आन."

"मग नऊ हजार पाण्यात गेले?"

कडूबाईंनी तिला पोत्यावर बसवलं. संस्थेच्या आठ जणी दोन वर्षं येसर अन् काळा मसाला करत होत्या. मिरची, धने, दळण यांचा खर्च धरायचा, वर चार पैसे लावायचे. माल हातोहात खपायचा, हातात काही उरायचं नाही. कोर्सात सरांनी खर्चाचा तक्ता काढायला लावला. शेवटचा रकाना मजुरीचा. आठही जणींनी तो कोरा ठेवला. घरच्यासारखंच काम, त्याची कसली मजुरी? रकाना भरेपर्यंत सरांनी वह्या परत दिल्या, एकदा नव्हे, तीनदा.

"किलोला चाळीस रुपये लिवले, भाव वाढला," कडूबाई म्हणाल्या. "दोन दुकानं तुटली. पर आठ-नऊ महिन्यांत फी निघाली. आता नव्या बाईची फी संस्थाच भरती, मग तिच्या मजुरीतनं थोडी थोडी कापती. तू कवा येतीस?"

दीपमाला हसली. बसमध्ये तिला जागा मिळाली नाही, पण दांडीला लोंबकळत तिनं मनातल्या मनात दुकानही थाटलं.

घरी पोचली तेव्हा शहादेव मुकादम बाजेवर बसलेला होता. बाबा, म्हणजे आश्रुबा, खाली पोत्यावर. जादा नऊ हजारांवर गाडी अडली होती. टनाला चारशे धरले तर साडेबावीस टन. औंदा पाण्याविना ऊस बारीक, दिवसाला दीड टन पडला तरी लई. तेव्हा पंधरा दिवस जादा थांबावं लागेल, असा मुकादमाचा हिशेब. बाबा मान हलवत होते, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळत नव्हतं. गेल्या हंगामात आईची कंबर धरली होती. तिला चुलीपुढनं उठताना अजून भिंत लागायची.

"काका," दीपमाला दारातूनच म्हणाली, "ह्या टनाच्या चारशेत आईची मजुरी किती?"

मुकादम हसला. "आश्रुबा, पोरगी कॉलेजात गेली का वकिलीन झाली रं? आगं, कोयता म्हंजे जोडी. नवरा-बायको मिळून एक. त्यात आईचं येगळं कुठं आसतंय?"

"आत जा," बाबा म्हणाले.

ती गेली नाही. आजवर ह्या घरात मुकादमासमोर कुणी आवाज काढला नव्हता. बाबांचा चेहरा उतरत चालला होता. मुकादमानं उचल नाकारली तर उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर काय शिजवायचं, हे त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

आई चहा घेऊन बाहेर आली. मुकादमापुढं कप ठेवला आणि वाकलेलीच राहिली.

"पंचेचाळीस मोळ्या," ती म्हणाली.

"काय?" बाबांनी विचारलं.

"दिसाला. डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत. मी मोजतीय कवापासनं."

मुकादमानं कप उचलला, तोंडाला लावला नाही. बाबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. आई भिंतीला हात लावून सरळ झाली.

दीपमालेनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि मुकादम अन् बाबांच्या मधे येऊन बसली.

"बाबा, नऊ हजार मागू नगा. सोमवारी कोर्साच्या फारमवर मी माझं नाव न्हाई घालायची, आईचं घालणार. ती सातवी पास हाय. फी कडूबाईंची मसाला संस्था भरील, मग तिच्या तिथल्या मजुरीतनं कापील, माझं मी बारावी झाल्यावर बघन. अन् तोडीला यायचं का न्हाई, ते आता तिला इचारा."