विहिरीतला मडकोबा

मी मडकं बोलतोय. आवाज जरा घुमतोय, कारण मी विहिरीत आहे. घाबरू नका, पडलेलो नाही. मला दोरीने मुद्दाम सोडलंय.

माझा जन्म निमगाव केतकीचा, दत्तोबा कुंभारांच्या चाकावरचा. अंग असं खणखणीत भाजलेलं, की टिचकी मारून दत्तोबा मिशीतल्या मिशीत हसायचे. माझी स्वप्नंही मोठी होती. कुणाच्या तरी ओसरीवर ओल्या वाळूत बसावं, पाहुण्याने घोटभर पाणी पिऊन "काय गार हाय!" म्हणावं, बस्स.

आठवडी बाजारात एका नर्सबाईंनी मला उचललं आणि म्हणाल्या, "तात्या, याच्या पोटाला दोन भोकं पाडून द्या."

दत्तोबांचा चेहरा पडला. "चांगल्या मडक्याला भोकं? बाई, गळकं मडकं कुणी इकत घेतं व्हय?" पण कुरकुरत का होईना, पाडली. दुखलं हो! खोटं कशाला बोलू?

नर्सबाईंनी मला शिवेवरच्या वस्तीवर आणलं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची शीव इथल्या विहिरीला अगदी घासून जाते. पलीकडे बारामतीच्या हद्दीत बानूबाईचं घर, पूर्वी मेंढरं राखणारं, आता बाजरी पिकवणारं. अलीकडे इंदापूरच्या हद्दीत छबूबाईचा भाजीचा मळा. पाणी दोन्हीकडचे भरायचे. विहिरीत औषध टाकायची वेळ आली, की इकडचे म्हणायचे ती तिकडची, तिकडचे म्हणायचे ती इकडची. शेवटी नर्सबाईंनीच पदर खोचला. माझ्या पोटात वाळू आणि जंतू मारायची टीसीएल पावडर भरली, तोंड बांधलं आणि मला पाण्यात सोडलं. औषध भोकांतून हळूहळू झिरपणार, पाणी चांगलं राहणार. वस्ती नेमकी बाजाराला गेली होती. "पुढच्या खेपेला सांगू," म्हणत बाई निघून गेल्या.

संध्याकाळी बानूबाई पाण्याला आली. अनोळखी दोरी दिसली म्हणून तिने ओढली, तर वर मी! माझी भोकं बघून ती मागेच सरली. स्मशानात चितेभोवती फिरताना खांद्यावर घेतात ना, ते भोकं पाडलेलं मडकं असतं. तिला तेच वाटलं.

"छबूबाई! तुमच्यातलं कोण गेलं वं?"

"आमच्यातलं? आमी समदी धडधाकट हाय. तुमच्यातलंच गेलं आसंल!"

दोघींनी आपापली माणसं मोजली. सगळी भरली. तरी भांडण काही मिटेना. भांडायला कुणी मेलेलंच असावं लागतं असं थोडंच आहे!

मला फोडायला मात्र कुणी धजेना, कारण फोडलं की विधी पुरा व्हायचा आणि कुणीतरी खरंच जायचं. मग बानूबाईच्या लेकाने, बिरूने, मला रिकामं करून बाजरीतल्या बुजगावण्याच्या मानेवर बसवलं. चुन्याने डोळे काढले, मिशा काढल्या. मिशा मला शोभत होत्या, हे आपलं सहज सांगतो. बिरूची चिमुरडी छकुली रोज विचारायला यायची, "मडकोबा, जेवलास का?"

श्रावणात शेतातलं गढूळ पाणी विहिरीत उतरलं. चिखलाने नर्सबाईंची वाट अडली आणि वस्तीला हगवण लागली. आधी बिरू आडवा झाला, मग छकुली. ती वावरात यायची थांबली. एवढ्या मिशा असून मला काही करता येत नव्हतं. फार वाईट वाटत होतं.

शेवटी नर्सबाई चपला हातात घेऊन चिखल तुडवत आल्या. छकुलीचे डोळे खोल गेले होते. बाईंनी तिला मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजायला घेतलं. "हिला दवाखान्यात हलवा, आत्ताच्या आत्ता!"

छबूबाईच्या नवऱ्याने, झुंबरने, ट्रॅक्टर आणला, पण तो घुटमळला. "न्यायची कुठं? पोरगी बारामतीची, आमी इंदापूरचं..."

छबूबाई त्याच्यावर कडाडली, "पोरीला तालुका आसतो व्हय वं? जवळ आसंल तितं चला!" आणि छकुलीला मांडीवर घेऊन तीच ट्रॉलीत चढली.

ट्रॅक्टर गेला. बाईंनी विचारलं, "विहिरीतलं मडकं कुठंय?" बानूबाईने माझ्याकडे बोट केलं. बाईंनी सगळं समजावलं, तशी ती तडक बाजरीत शिरली.

मला बुजगावण्याच्या मानेवरून उतरवलं, धुतलं. मिशा गेल्या! बाईंनी औषध भरलं, तिने मला हळदकुंकू लावलं आणि स्वतःच्या हाताने दोरी सोडली. पोर अजून दवाखान्यात होती. बानूबाई म्हणाली, "ह्ये मेल्याचं न्हाय. माझ्या जित्या नातीचं मडकं हाय."

ते तिने म्हणायला आणि मी पाण्याला टेकायला एकच गाठ पडली. त्या दिवसाइतका मी कधीच झिरपलो नसेन.

आता इथं बऱ्याच गोष्टी बदलल्यात. नर्सबाईंनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही घरं आठवड्याला आळीपाळीने मला वर काढून औषध बदलतात. पाळीवरून भांडतात, ते वेगळं. पावसाळ्यात झुंबर ट्रॅक्टर रस्त्याकडे तोंड करून लावतो. मी मात्र झिजलोय. काठ उडालाय, दोरीने मान काचलीय.

तुम्हाला एकच विनंती. मी फुटलो तर हळहळू नका, बाजारातून दुसरं आणा. भोकं पाडायला सांगितली की दत्तोबा पुन्हा कुरकुरतील. त्यांच्याशी वाद घालू नका, गळकं मडकं कशाला हवं तेही समजावत बसू नका. फक्त जाताना छकुलीला सोबत न्या.