एकशे तीनचं खोटं

मित्रांनो, मी एक जुना, पाऱ्याचा थर्मामीटर आहे. खरा ताप सांगणं एवढंच माझं काम. आयुष्यात एकदाच खोटं बोललो, त्याची टोचणी अजून जात नाही.

काचेच्या कारखान्यात माझ्या पोटात पारा भरला, अंगावर बारीक रेघा आखल्या आणि मी एका नर्सच्या खिशात आलो. ते पुरुष, म्हणून वॉर्डात सगळे त्यांना ब्रदर म्हणत. घाबरलेल्या पेशंटला ते आधी विचारत, "जेवलात का?" मगच मला त्याच्या जिभेखाली ठेवत.

घरी ते नुसते बाबा होते. मुलगी तान्ही असतानाच तिची आई गेलेली. बाबा तिच्या वेण्या बँडेज बांधावं तशा घट्ट घालत.

"बाबा, डोकं आवळतंय!"

"आवळू दे. सैल सोडली तर पेशंट पळून जातो."

ती पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं ऑपरेशन होतं. "दारापर्यंत तुमचा हात धरून येईन," असा शब्द ब्रदरांनी त्यांना दिला होता. पण सलग दोन रविवार ते वॉर्डातच गेले होते, आणि मुलीला बाबा हवे होते. ते दाढी करत असताना तिनं मला कोमट दुधात बुडवलं. पारा सरसर चढला. मला तो थांबवता आला नाही.

"एकशे तीन," बाबांनी वाचलं. तिच्या कपाळावर बराच वेळ हात ठेवला. मग फोन करून सुट्टी घेतली. दिवसभर दोघं पत्ते खेळली. ती खिदळत होती आणि मी डबीत लाजेनं मरत होतो.

संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर दारात आल्या. "सात नंबरचे आजोबा गेले, ब्रदर. आत नेईपर्यंत तुमचीच वाट बघत होते."

बाबांनी हातातले पत्ते खाली ठेवले. मुलीनं सगळं ऐकलं आणि तोंड मिटलं ते तीस वर्षं.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मला त्यांच्या तोंडातून काढताना ती म्हणाली, "बाबा, तेव्हा मला ताप नव्हता."

"हात लावला तेव्हाच कळलं होतं."

"मग गेला का नाहीस?"

"तू कधी काही मागायची नाहीस गं. त्या दिवशी मला मागितलंस. पाय निघेना." मग ते म्हणाले, "शब्द मी मोडला, तू नाही. ते ओझं माझं आहे, तू उचलू नकोस."

पंधरवड्यानं ते गेले. ओझं मात्र आम्ही दोघांनीही उचललंच.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो, बाबा हवे असतील तर तसं सांगा. "आज जाऊ नकोस" एवढं ती म्हणाली असती, तर ते तिला बोटाला धरून वॉर्डात घेऊन गेले असते. आजोबांचा एक हात त्यांनी धरला असता, दुसरा तिनं.